लिफ्ट सावकाश का उचलते?

नवी मुंबईत ट्रॅक्टर कशाला लागतो, असं बाहेरगावच्या माणसाला वाटू शकतं. 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली, 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायच्या ठरल्या, आणि पुढच्या काही दशकांत भातखाचरांवर शहराचे नियोजित विभाग, म्हणजे नोड, उभे राहिले. शेती आक्रसली, पण ट्रॅक्टर गेला नाही. आज तो पाण्याचा टँकर ओढतो, बांधकामाचा राडारोडा वाहतो, खडी आणि माती टाकतो. पनवेल-उरणच्या ज्या गावांत अजून भात लावतात तिथे पाऊस लागला की त्यालाच रोटाव्हेटर जोडतात आणि चिखलणीला उतरवतात. म्हणजे वर्षातले बरेच महिने धुळीत आणि पावसाचे दोन महिने गुडघाभर चिखलात. जुन्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकला याहून कठीण नोकरी क्वचितच असेल, आणि या भागातल्या गॅरेजांत सर्वांत जास्त ऐकू येणाऱ्या तक्रारींपैकी एक तीच असते: लिफ्ट सावकाश उचलते.

या तक्रारीवर गॅरेजचं ठरलेलं उत्तर आहे, ‘पंप गेला’. कधीकधी ते खरंही असतं. पण अनेकदा नवा पंप बसतो, पैसे जातात आणि आठवड्याभरात लिफ्ट पुन्हा पहिल्यासारखी होते. माझं ठाम मत आहे की पंप सर्वांत शेवटी उघडायचा. त्याआधी पाना न लावता, घड्याळ, कान आणि डोळे वापरून बराचसा उलगडा होतो. हे प्रकरण त्या उलगड्याबद्दल आहे.

आधी हे यंत्र मुळात काय आहे ते पाहू. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन खालच्या लिंक आणि वरची एक टॉप लिंक ही तीन टेकूंची जोडणी उत्तर आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने घडवली. 1939 साली फोर्डच्या 9एन ट्रॅक्टरवर ती बाजारात आली, आणि 1946 पासून इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत बनलेल्या टीई-20 ने ती जगभर नेली. आपल्याकडे खाडीपलीकडे कांदिवलीला महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून 1963 मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. तिचा बी-275 हा महाराष्ट्रातल्या जुन्या शेतकऱ्यांच्या अजून लक्षात आहे. 1977 मध्ये ही कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. चेन्नईच्या टॅफेने मॅसी फर्ग्युसनची परंपरा चालवली. या जुन्या घराण्यांत एक फरक आहे आणि निदानाच्या वेळी तो फार उपयोगी पडतो. फर्ग्युसन पद्धतीच्या जुन्या ट्रॅक्टरांत पंप मागच्या हाउसिंगमध्ये, तेलात बुडालेला असतो आणि अवजाराला शक्ती देणाऱ्या पीटीओच्या शाफ्टवर चालतो. एकाच क्लचच्या अशा मॉडेलात क्लच दाबला की लिफ्ट थांबते, आणि पीटीओचा दांडा सुटलेला असेल तर लिफ्ट हलतच नाही. दुसऱ्या घराण्यात पंप इंजिनाच्या बाजूला, इंजिनाच्याच गिअरवर चालतो. तिथे क्लचचा लिफ्टशी संबंध नसतो, पण मागच्या टाकीतून पुढे पंपापर्यंत लांब सक्शन पाइप येतो आणि त्या पाइपाचे सांधे हे नवं दुखणं होऊन बसतं. आपला ट्रॅक्टर कोणत्या घराण्यातला आहे हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता मूळ गोष्ट. पंप दाब तयार करत नाही, पंप फक्त तेल ढकलतो. दाब येतो तो समोरच्या वजनामुळे. लिंकवर काहीच टांगलं नसेल तर दाब नगण्य असतो, जड पलटी नांगर टांगला की वाढतो. बंदिस्त द्रवातला दाब सगळीकडे सारखा पोचतो हे पास्कलने सतराव्या शतकातच दाखवलं होतं. पण उचलण्याचा वेग दाबावर ठरत नाही. तो ठरतो दर सेकंदाला सिलिंडरात किती तेल पोचतं यावर. म्हणून ‘लिफ्ट सावकाश’ ही तक्रार आली की प्रश्न एकच उरतो: तेल कुठे कमी पडतंय, किंवा कुठे गळतंय?

हिशेब करून पाहा. समजा लिफ्टच्या सिलिंडरचा व्यास 75 मिलिमीटर आहे आणि पिस्टन 110 मिलिमीटर सरकतो. त्यात साधारण 485 मिलिलिटर तेल मावतं, म्हणजे अर्ध्या लिटरला थोडं कमी. पंप मिनिटाला 20 लिटर देत असेल तर लिफ्ट दीड सेकंदात वर गेली पाहिजे. तीच लिफ्ट सहा सेकंद घेत असेल तर सिलिंडरात मिनिटाला जेमतेम पाच लिटर पोचतंय. उरलेले पंधरा लिटर एकतर पंपाने ओढलेच नाहीत, किंवा ओढले आणि वाटेत परत टाकीत सांडले. ओढलेच नाहीत की सांडले, हे ठरवणं म्हणजेच निदान. मोबाइलमधलं स्टॉपवॉच त्यासाठी पुरेसं आहे.

मोजमाप चार प्रकारे करायचं. आधी ट्रॅक्टर थंड असताना आणि मग तासभर काम करून तेल तापल्यावर. त्यानंतर हलक्या अवजारासह आणि जड अवजारासह. मग इंजिन मंद ठेवून आणि रेस वाढवून. शेवटी अवजार वर उचलून इंजिन बंद करायचं आणि ते किती वेळात किती खाली बसतं ते पट्टीने मोजायचं. हे आकडे एका कागदावर उतरले की दुखणं बऱ्यापैकी बोलू लागतं.

यातली रेसची चाचणी मला सर्वांत मोलाची वाटते, आणि ती फार कमी लोक करतात. पंप झिजला असेल तर इंजिन मंद असताना लिफ्ट रडतखडत उठते किंवा उठतच नाही, आणि रेस वाढवली की बरीच सुधारते. कारण गळती जवळपास तेवढीच राहते, ढकललं जाणारं तेल मात्र वाढतं. याउलट पंपाला तेलच नीट मिळत नसेल, म्हणजे सक्शनची जाळी तुंबली असेल किंवा पाइप दबला असेल, तर रेस वाढवून वेग वाढत नाही. वाढतो फक्त आवाज. पंप किंचाळतो, खडे भरडल्यासारखा आवाज येतो. तेल मागणीइतकं येत नाही म्हणून पंपाच्या तोंडाशी पोकळी होते, तेलात बुडबुडे तयार होतात आणि दाबाच्या बाजूला गेल्यावर ते फुटतात. या फुटण्याने चांगला पंपही काही महिन्यांत खराब होतो. तुंबलेली जाळी तशीच ठेवून नवा पंप बसवला की तो लवकर जातो, त्याचं कारण हेच.

थंड-गरमचा फरक समजायला तेलाचा स्वभाव माहीत हवा. 68 नंबरचं हायड्रॉलिक तेल 40 अंशांना 68 सेंटिस्टोक असतं. 100 अंशांना ते साधारण आठव्या हिश्श्याइतकंच घट्ट राहतं. गिअर पंपात गिअर आणि बाजूच्या प्लेटमधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची असते. अशा अरुंद फटीतून होणारी गळती फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फट दुप्पट झाली की गळती आठपट. आणि तेल पातळ होईल तशी ती आणखी वाढते. त्यामुळे सकाळी ठीक उचलणारी आणि दुपारी मरगळणारी लिफ्ट झिजेकडे बोट दाखवते, मग ती झीज पंपात असो, व्हॉल्व्हमध्ये असो की सिलिंडरात. सकाळी सुस्त आणि तापल्यावर सुधारणारी लिफ्ट सांगते की तेल चुकीचं आहे, फार घट्ट आहे, किंवा जाळी अर्धी तुंबली आहे. मागच्या हाउसिंगमध्ये 90 नंबरचं गिअर ऑइल ओतून मोकळं होण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. गिअरना ते मानवतं, पंपाला सकाळच्या वेळी ते ओढवत नाही. ज्या ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शियल, हायड्रॉलिक आणि तेलातले ब्रेक या सगळ्यांना एकच तेल असतं, तिथे कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलंच तेल टाकायला हवं.

वजनाची चाचणी रिलीफ व्हॉल्व्हची बातमी देते. हलकं अवजार नेहमीच्या वेगाने उठतं आणि जड अवजार अर्ध्यावर अडतं, तेव्हा तो व्हॉल्व्ह ठरलेल्या दाबाआधीच उघडत असण्याची शक्यता मोठी. स्प्रिंग थकलेली असते किंवा सीटवर कचरा बसलेला असतो. इथे बाहेरच्या टॅपिंगला 250 किलोचा गेज लावून दाब पाहणं हाच खरा मार्ग. व्हॉल्व्हखाली वॉशर घालून स्प्रिंग आवळण्याचा उपाय काही मिस्त्री करतात. तो करू नये. रिलीफ व्हॉल्व्ह हा पाइप, हाउसिंग आणि माणसाच्या रक्षणासाठी आहे. मूळ दाब माहीत नसताना तो वाढवला तर आधी काय फुटेल ते सांगता येत नाही.

आता तेलाकडे वळू, कारण नवी मुंबईत निम्मं उत्तर तिथेच सापडतं. इथे पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चिखलणीत ट्रॅक्टरचं पोट चिखलपाण्यात असतं. दिवसभर तापलेलं हाउसिंग पाण्यात थंड झालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, झिजलेल्या ऑइल सीलमधून, गिअर लीव्हरच्या फाटक्या रबरी टोपीतून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ होतं. पण दुधाळ दिसणारं सगळंच तेल पाण्याचं नसतं, हवा मिसळलेलं तेलही तसंच दिसतं. फरक ओळखायला एक साधी काचेची बाटली हवी. काम थांबवल्याबरोबर तेल बाटलीत काढायचं आणि उजेडात धरायचं. हवा असेल तर काही मिनिटांत तळाकडून तेल स्वच्छ होत जातं, कारण बुडबुडे वर चढतात, आणि माथ्यावर फेसाचा थर राहतो. पाणी असेल तर तासाभरानेही ते ताकासारखंच राहतं. रात्रभर ठेवलं तर तळाशी पाण्याची रेघ दिसते. खात्री करायची असेल तर दोन थेंब तापलेल्या लोखंडी पत्र्यावर टाकावेत, पाण्याचं तेल तडतडतं. हे करताना तोंड लांब ठेवावं.

हवा निघाली तर ती कुठून शिरते ते शोधायचं. सक्शनच्या बाजूला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून तिथला सैल सांधा तेल बाहेर टाकत नाही, हवा आत घेतो. जमिनीवर एक थेंबही पडत नाही आणि म्हणूनच तो सापडत नाही. इंजिन मंद चालू ठेवून प्रत्येक सांध्यावर घट्ट ग्रीसचा थर द्यायचा. ज्या सांध्यावर ग्रीस लावल्याबरोबर पंपाचा सूर बदलतो, तो सांधा दोषी. क्लॅम्पखालचा जुना रबरी पाइप आतून सोलवटलेला असतो, त्याच्याकडे विशेष पाहावं.

इथे ट्रॉलीचा विषय आलाच पाहिजे. माती-खडी टाकणाऱ्या ट्रॅक्टरला जॅकची ट्रॉली असते आणि तिचं तेल ट्रॅक्टरच्याच पोटातून जातं. शंभर मिलिमीटर व्यासाचा आणि एक मीटर उठणारा जॅक जवळपास आठ लिटर तेल घेतो. लिफ्टच्या सिलिंडरला अर्धा लिटर पुरतं, त्याच्या हे सोळापट. तेलाची पातळी आधीच कमी असेल तर ट्रॉली उठता उठता सक्शनचं तोंड उघडं पडतं, पंप हवा गिळतो, आणि मग ‘ट्रॉली वर जाऊन अडते’ अशी तक्रार येते. पातळी नेहमी जॅक आणि लिफ्ट दोन्ही खाली ठेवून, सपाट जागेवर पाहावी. जॅक वर असताना तेल भरलं तर ट्रॉली खाली आल्यावर ते जास्त होतं, गिअर त्यात घुसळतात आणि फेस करतात.

याहून वाईट गोष्ट दिसत नाही. ट्रॉली आज या ट्रॅक्टरला आणि उद्या त्या ट्रॅक्टरला जोडली जाते. जॅकमध्ये राहिलेलं तेल तिच्याबरोबर जातं, आणि त्यातलं पाणी आणि लोखंडाची भुकटीही. पाइपचं उघडं टोक पारसिकच्या डोंगररांगेतल्या दगडाच्या धुळीत लोळतं, आणि तसंच कपलरमध्ये खुपसलं जातं. दगडाची ती बारीक धूळ पंपाच्या फटीत जाते तेव्हा पॉलिश पेपरसारखं काम करते. दोन्ही टोकांना टोपी आणि जोडण्याआधी एक स्वच्छ फडकं, एवढ्याने पंपाचं आयुष्य वाढतं. माझ्या मते या भागातल्या ट्रॅक्टरवाल्यांनी एकच सवय लावायची तर ही लावावी.

मग जाळी काढायची. हे काम स्वतः उभं राहून पाहण्यासारखं आहे. बोल्ट सुटतात, तेल ट्रेमध्ये उतरतं, आणि हाताच्या पंजाएवढी जाळी बाहेर येते. लगेच डिझेलने धुऊ नका. आधी पांढऱ्या कागदावर उलटी करून टिचक्या मारा आणि काय पडतं ते बघा. काळी मऊ पेस्ट असेल तर ती रोजच्या झिजेची. सोनेरी चकाकी दिसली तर कुठलं तरी पितळी किंवा गनमेटलचं बुश झिजतंय. चुंबकाला चिकटणारे टोकदार कण दिसले तर गिअर किंवा बेअरिंग मोडतंय आणि हायड्रॉलिकच्या आधी तिकडे बघायला हवं. काळ्या रबराचे तुकडे म्हणजे कुठली तरी ओ-रिंग कापली गेली. तपकिरी कपच्या ब्रेकच्या लायनिंगच्या. आणि फार वेळा जे निघतं ते म्हणजे करड्या किंवा लाल सिलिकॉनच्या शेवया. मागच्या दुरुस्तीत मिस्त्रीने गॅस्केटच्या जागी ट्यूबमधला लेप भरपूर लावलेला असतो, कव्हर आवळल्यावर तो आतल्या बाजूला ओघळतो, सुटतो आणि थेट जाळीवर जाऊन बसतो. पहिल्या दुरुस्तीनेच दुसरं दुखणं दिलेलं असतं. लेप पातळ आणि बोल्टच्या आतल्या बाजूला जेमतेम रेघेएवढा लावायचा असतो.

इतकं सगळं बरोबर निघालं आणि तरी लिफ्ट सुस्त असेल, तर ‘सांडतंय कुठे’ या प्रश्नाकडे यायचं. त्यासाठी इंजिन बंद ठेवून केलेली चाचणी हाताशी आहे. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत नव्या ट्रॅक्टरच्या चाचणीतही वजन उचलून अर्धा तास ते किती खाली येतं ते मोजतात. आपल्या जुन्या ट्रॅक्टरला नव्याचा निकष लावायचा नाही, पण रोटाव्हेटर पाच मिनिटांत जमिनीला टेकत असेल तर तेल कुठेतरी मोकळं सुटतंय. इंजिन चालू असताना हेच दुखणं वेगळ्या रूपात दिसतं: वर गेलेली लिफ्ट दर काही सेकंदांनी किंचित खाली येते आणि झटक्याने परत वर जाते. गॅरेजच्या भाषेत लिफ्ट डोलते. सिलिंडर गळतो, लिफ्टची उंची राखणाऱ्या पोझिशन कंट्रोलला ते कळतं, तो पुन्हा तेल सोडतो. पंप तेव्हा ठणठणीत असतो आणि तरी त्याच्यावरच आळ येतो.

गळती पिस्टनची की व्हॉल्व्हची, हे काही ट्रॅक्टरांत उघडल्याशिवायही कळतं. सीटखाली लिफ्ट खाली येण्याचा वेग ठरवणारा नॉब असतो. ज्या मॉडेलात तो पूर्ण आवळल्यावर सिलिंडरातलं तेल कोंडलं जातं, तिथे अवजार वर घेऊन नॉब आवळा. बसणं थांबलं तर सिलिंडर चांगला आहे, कंट्रोल व्हॉल्व्ह गळतोय. तरीही बसत राहिलं तर पिस्टनची सील किंवा सिलिंडरवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह. जुन्या मॅसी घराण्यात उजव्या बाजूचं कव्हर काढून टॉर्चने आत पाहता येतं. वजन वर असताना सिलिंडरच्या तोंडातून, उभ्या पाइपाच्या सांध्यातून की व्हॉल्व्हजवळून तेल झिरपतंय ते डोळ्यांना दिसतं. सिलिंडर उघडलाच तर नुसती ओ-रिंग बदलून थांबू नका. आतल्या भिंतीवर नख फिरवा. नख अडेल अशी उभी चर असेल तर नवी रिंगही तिथे फार दिवस टिकणार नाही. ओ-रिंगसोबत येणारी चपटी बॅकअप रिंग दाबाच्या विरुद्ध बाजूला बसते. ती उलटी बसली की ओ-रिंग फटीत चिमटून कापली जाते.

लिफ्ट खाली यायला सावकाश असेल तर ती वेगळी तक्रार आहे. लिफ्ट एकाच दिशेने तेलावर चालते, खाली येते ती अवजाराच्या वजनाने. तिथे पंपाचा काही संबंध नाही. नॉब आवळलेला आहे का ते बघा, आणि खाडीकाठच्या खाऱ्या हवेत पिना आणि शाफ्ट गंजून जाम झालेत का ते बघा.

या सगळ्या कामात दोन गोष्टी जिवावर बेततात. उचललेल्या अवजाराखाली किंवा ट्रॉलीखाली फक्त तेलाच्या भरवशावर कधीही जाऊ नये, आधी लाकडी ओंडके किंवा लोखंडी टेकू लावावा. आणि दाबाखालच्या पाइपाची गळती हाताने चाचपू नये. सुईएवढ्या भोकातून येणारी तेलाची धार कातडी भेदून आत जाते. जखम मुंगी चावल्याएवढी दिसते, दुखतही नाही फारसं, पण आतलं मांस मरायला लागतं. असं झालं तर पट्टी बांधून वाट पाहायची नाही, त्याच घटकेला मोठ्या रुग्णालयात जाऊन ‘दाबाचं तेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगायचं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा.

आणि अखेर पंपच झिजलेला निघाला, तर तो बसवण्याआधी जुनं तेल पूर्ण काढा, हाउसिंगचा तळ फडक्याने पुसा, धागे सोडणारा चोथा वापरू नका. ट्रॉलीचा जॅकही रिकामा करा, नाहीतर जुनी घाण पहिल्याच फेरीत नव्या तेलात येते. पंप इंजिनावरचा असेल तर सक्शनच्या तोंडातून त्यात आणि पाइपात हाताने तेल भरा. कोरडा पंप काही सेकंदांतच चरे पाडून घेतो. इंजिन मंद ठेवून दांडा आठ-दहा वेळा वर-खाली करा, आवाज शांत होईपर्यंत रेस देऊ नका. तासभर काम झाल्यावर तेच अवजार, तीच रेस ठेवून पुन्हा वेळ मोजा, आणि सेकंद तारखेसह मडगार्डच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा. पुढच्या वर्षी चिखलणीआधी तीच चाचणी केली की तुलनेला आकडा तयार असेल.